वहीत ‘झोप’ लिहिलंय

छातीवर ठिकठिकाणी चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या वायरी आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली साबणाच्या वडीएवढी डबी. या प्रकाराला हॉल्टर म्हणतात. चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका टिपायचा. मला मधूनमधून छातीत फडफडल्यासारखं व्हायचं आणि ते नेमकं डॉक्टरांसमोर कधीच व्हायचं नाही, म्हणून ही डबी.

बांधणारी मुलगी विशी-बाविशीतली. चटचट हात चालवत म्हणाली, “उद्या याच वेळेला या. अंघोळ करायची नाही. बाकी सगळं रोजच्यासारखं करा हं काकू.”

आता रोजच्यासारखं करा म्हटलं की आपण रोज काय करतो तेच आठवेनासं होतं. मी दवाखान्यातून बाहेर पडले ती एखाद्या लग्नात साडी सांभाळत चालावी तशी. रिक्षात बसतानासुद्धा अवघडून. घरी पोळ्या लाटताना वायरी हलतील म्हणून एका हाताने जोर देत होते. पोळ्यांचे नकाशे झाले.

डबीबरोबर एक छापील घडीपत्रिका होती. वेळ, काय करत होता, काही त्रास, असे तीन रकाने. त्या मुलीने त्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, “मशीनला ठोके कळतात. तुम्ही काय करत होतात ते कळत नाही. ते तुम्ही लिहायचं.”

मी लिहिलं. शाळेतल्या दैनंदिनीसारखं, सुवाच्य अक्षरात. ‘१.१५ जेवण. २.०० वामकुक्षी. ४.१० चहा. ६.३० जिना, दोन मजले.’ आणि मग रात्रीच्या सात तासांना एकच महिरपी कंस घालून ‘१०.४५ ते ५.५०, झोप’.

ही नोंद तंतोतंत खरी नव्हती. पण ते नंतर.

अहवाल यायला आठवडा होता. त्या आठवड्यात मी कासवांबद्दल वाचत होते. कारण साधं आहे, मार्चमध्ये आम्ही वेळासला जाऊन आलो होतो. मंडणगड तालुक्यातलं हे गाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक अंडी माणसांच्या, कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या पोटात जात. आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा सुपारी कातरत म्हणाले, “खाल्लीत की आम्ही. खोटं कशाला बोला? तेव्हा कोण सांगायला नव्हतं.” मग जरा थांबून, “आता नातू टोपली उचलतो.”

टोपली म्हणजे घरट्यावर पालथी घातलेली. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलतात. खाली पिल्लं वर आलेली असली तर समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडतात. दोरीच्या अलीकडे आपण, मोबाइल वर धरून, पिल्लू तळहाताच्या निम्मं. वाळूत चालताना मागे झिपरसारखा माग सोडतं. पहिली लाट त्याला उलटं करून परत आणून टाकते, दुसरीही. तिसरी घेऊन जाते, आणि तुम्ही जिथे बघत होतात तिथे फक्त फेस उरतो. मंडळी टाळ्या वाजवतात आणि नाश्त्याला जातात. आम्हीही गेलो. घावणे होते.

परत निघताना त्या घरच्या काकूंनी गेल्या मोसमातली फणसपोळी बांधून दिली. ही फणसपोळी लक्षात ठेवा.

मला चुटपुट लागून राहिली ती त्या फेसाच्या पलीकडची. अंडी कधी घालतात, किती घालतात, किती दिवसांत उबतात, हे सगळं आपल्याला माहीत, कारण ते वाळूवर घडतं. पण समुद्री कासव जमिनीवर असतं किती? नर तर आपल्याकडे पिल्लू म्हणून एकदा वाळूवरून गेला की सहसा पुन्हा किनाऱ्यावर येतच नाही. मादी येते ती अंडी घालण्यापुरती, रात्री तास-दीड तास. म्हणजे एखाद्या बाईचं चरित्र आपण फक्त तिच्या बाळंतपणांवरून लिहावं, तसं आपण कासवाचं लिहिलंय.

पाण्यातलं कळावं म्हणून माणसाने तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले. सगळ्यात जुना म्हणजे पायात बिल्ला ठोकायचा आणि वाट बघायची. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं पूर्वेला, पश्चिमेची पश्चिमेला, अशी जी ढोबळ समजूत होती तिला या एका बाईने धक्का दिला. पण बिल्ल्याने सांगितलं काय? चार वर्षांतले दोन दिवस. मधलं सगळं कोरं.

दुसरा उपाय उपग्रहाचा. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्थान आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. नावं वाचूनच मला त्या ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या. पुढच्या वर्षी बागेश्री आणि गुहा. बागेश्री तर दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेकडे निघाली आणि आमच्या भिशीच्या ग्रुपवर तिचा नकाशा आला. “अगं ही एकटीच फिरते!” असा त्यावर एकीचा शेरा.

पण त्या नकाशावरचा ठिपका म्हणजे नेमकं काय असतं, हे मला उशिरा कळलं. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. कासव श्वास घ्यायला वर येतं, पाठीवरची अँटेना हवेत निघते, त्या क्षणी उपग्रह डोक्यावर असला तर ठिपका पडतो. थोडक्यात, नकाशावरचा प्रत्येक ठिपका हा तिने कधीतरी घेतलेला एक श्वास आहे. दोन ठिपके आपण सरळ रेघेने जोडतो आणि म्हणतो, ती इथून तिथे गेली.

मग खोलीचा हिशेब. हा मार्ग सील या समुद्री प्राण्यामुळे उघडला. १९६० च्या दशकात जेराल्ड कुइमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या पाठीवर खोली नोंदणारं यंत्र बांधलं. त्यात वेळ मोजायला चक्क स्वयंपाकघरातला टायमर वापरला होता, अंडं उकडताना लावतात तसला, तासाभराचा. पुढे अशी यंत्रं लहान होत गेली आणि कासवांच्या पाठीवरही आली. त्यांनी काढलेला आलेख बघायला सोपा असतो. रेघ खाली जाते, तळाशी सपाट चालते, वर येते. इंग्रजी ‘यू’सारखी. कासव खाली गेलं, बराच वेळ एकाच खोलीवर राहिलं, परत आलं. एवढा वेळ एका जागी म्हणजे काय करत असणार? विश्रांती. सपाट रेघ दिसली की तिच्याखाली सहसा ‘झोप’ लिहायचं, इतकं ते सरळ होतं.

मी वाचताना इथे थांबले. घडीपत्रिकेतला माझा महिरपी कंस आठवला.

या सपाट रेघेच्या आत डोकवायला कॅमेरा लागला. ग्रेग मार्शल हा मूळचा सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी. १९८६ मध्ये बेलीझच्या समुद्रात बुडी मारलेली असताना त्याच्याजवळून एक शार्क गेला, आणि त्या शार्कला एक रेमोरा मासा चिकटलेला होता. रेमोराच्या डोक्यावर चोषकासारखी चकती असते. तो मोठ्या माशाला चिकटून फुकटात प्रवास करतो. मार्शलला वाटलं, त्या रेमोराच्या जागी कॅमेरा असता तर शार्क जे बघतो ते आपल्याला दिसलं असतं. त्यातून ‘क्रिटरकॅम’ उभा राहिला, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत समुद्री कासव होतंच. ते साहजिकही आहे म्हणा. पाठ टणक, वेग बेताचा, आणि चावलं तरी पाठीवरचं उपटून काढता येत नाही.

सुरुवातीचे कॅमेरे म्हणजे जड नळकांडी आणि काही तासांचं चित्रण. कधी ती चोषकाने चिकटवत, कधी कवचावर राळेने. खरी गंमत ते परत मिळवण्यात. कासव काही ‘उद्या याच वेळेला’ दवाखान्यात येणार नाही. म्हणून सांध्यात अशी धातूची कडी घालतात, जी खाऱ्या पाण्यात हळूहळू झिजते आणि तुटते, किंवा ठरल्या वेळी सुटणारी कळ असते. कॅमेरा सुटतो, तरंगत वर येतो, रेडिओवर टिकटिक करत राहतो आणि माणसं होडीतून अँटेना फिरवत त्याला शोधत हिंडतात. सापडला तर सापडला.

अशी चित्रफीत मी पहिल्यांदा बघितली तेव्हा काही क्षण काय दिसतंय तेच कळेना. कॅमेरा पाठीवर, तोंड पुढे. त्यामुळे चित्राच्या खालच्या भागात कायम कासवाचं डोकं, मागून. आपण बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाचं टक्कल बघत बसतो तसं. डोक्यावर ठळक खवले, दोन्ही बाजूंना मधूनमधून वल्ह्यासारखे पुढचे पाय डोकावून जातात. समोर हिरवट धुकं. मग डोकं वर होतं, पाण्याचं छत चंदेरी दिसायला लागतं, ते फुटतं, एकदम ऊन, आकाश, बहुधा एखादा ढग, आणि एक-दोन सेकंदांत पुन्हा खाली. नकाशावरचा ठिपका तो हाच. आपल्याला कासवाबद्दल जे कळतं ते त्या दोन सेकंदांतलं, आणि ते दोन सेकंद तिच्या दृष्टीने नाक शिंकरण्याइतके किरकोळ.

मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात, जेफ्री सेमिनॉफ, मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने हिरव्या कासवांवर खोलीची नोंद आणि कॅमेरा दोन्ही एकाच वेळी लावले. बुडीच्या आलेखातून काय सुटून जातं, हा प्रश्न त्यांनी २००६ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घातला. एका हातात रेघ, दुसऱ्या हातात चित्र. आणि एकाच आकाराच्या रेघेत वेगवेगळे उद्योग निघाले: कुठे खरंच विश्रांती, कुठे चरणं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचा प्रकार मला सगळ्यात आवडला. तिथे मायकल हाइटहाउस आणि मंडळी चालत्या होडीतून सूर मारून हातांनी कासव धरायची. काय पण संशोधन! २००२ साली त्यांनी हिरव्या कासवांच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यांतून काय दिसलं ते छापलं. पुस्तकं सांगतात, मोठं झालेलं हिरवं कासव समुद्री गवत खातं, शाकाहारी. कॅमेऱ्यात ती जेलीफिशसारखे मऊ प्राणीही मटकावताना दिसली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे अंग घासणं. तळाशी स्पंज असतो, खडक असतो. कासव त्याच्याजवळ येतं, बाजू टेकवतं आणि अंग पुढेमागे करतं. कवचावरचं शेवाळ, चिकटलेले जीव निघावेत म्हणून. आमच्या गोठ्यातली म्हैस खांबाला पाठ घासायची, तेव्हा अख्खा गोठा करकरायचा आणि आजी आतून ओरडायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख असायचं ते कासवाच्या चेहऱ्यावर असतं की नाही, सांगता यायचं नाही. कॅमेरा मागून आहे.

याच उपसागरातली आणखी एक गोष्ट, कॅमेऱ्याची नसली तरी सांगतेच. तिथे टायगर शार्क पुष्कळ. २००७ च्या अभ्यासात दिसलं की शार्क वाढतात त्या दिवसांत धष्टपुष्ट कासवं गवताच्या पट्ट्याच्या कडेला, निसटायला सोपं तिथे चरतात. तिथलं गवत दुय्यम. अशक्त, खंगलेली कासवं मात्र पट्ट्याच्या मध्यात, चांगलं गवत आणि जास्त धोका, तिथे जातात. नकाशावर दोघी चरतच आहेत.

लेदरबॅक कासवाचं प्रकरण निराळं. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या थंडगार पाण्यात त्यांच्या पाठीवर कॅमेरे लावले, तर त्या जवळपास जेलीफिशच खात सुटलेल्या. त्यावरून काढलेला हिशेब म्हणजे दिवसाला सरासरी २६१ जेलीफिश, सुमारे ३३० किलो, स्वतःच्या वजनाच्या ७३ टक्के. जेलीफिश म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे पोट भरायचं तर ढीगच लागणार. उन्हाळाभर खाऊन घ्यायचं, मग उष्ण प्रदेशात जाऊन अंडी घालायची.

अंडी घालायच्या त्या काळातलं चित्रण कोस्टा रिकातल्या प्लाया ग्रांदेला झालं. दोन वेळच्या अंड्यांच्या मध्ये मादी किनाऱ्याजवळच असते. समजूत अशी की ती बिचारी आराम करत असणार, शक्ती राखत असणार. कॅमेऱ्यात काय दिसावं? नर मागे लागलेले. आणि मादी त्यांना टाळायला सरळ तळ गाठते. खाली, तळाला लागून, जिथे त्याला काही करता येणार नाही. खोलीच्या आलेखात यातलं काय उमटलं असतं? खाली गेलेली एक रेघ, बस. मी हे आमच्या भिशीत सांगितलं तेव्हा एवढा हशा पिकला की शेजारच्या घराचं दार उघडलं.

सगळंच काही हसण्यासारखं नाही. जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर लॉगरहेड कासवांवर कॅमेरे लावले होते. पाण्याच्या मधल्या थरात जेलीफिश दिसली की कासव वळतं आणि सरळ तिच्याकडे जातं; म्हणजे ते डोळ्यांनी शोधतं, हे त्यातून पक्कं झालं. त्याच चित्रणात एक कासव असंच वळून सरळ निघालं. समोर प्लास्टिकची पिशवी होती. पुढे २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी मोजदाद केली: समोर आलेल्या कचऱ्यापैकी लॉगरहेडने सुमारे १७ टक्के वेळा तो गिळला, हिरव्या कासवाने सुमारे ६२ टक्के वेळा. दोघांच्या खाण्याच्या सवयी वेगळ्या, म्हणून फसण्याचं प्रमाण वेगळं. मेलेल्या कासवाच्या पोटात प्लास्टिक निघतं हे आपण ऐकलेलं असतं. पण ते गिळायच्या आधीचा क्षण, पिशवी नीट समोर, पाण्यात हळूच उघडमीट करणारी, आणि डोक्याचा मागचा भाग तिच्याकडे निघालेला. ते बघताना मी नकळत “अगं नको” म्हणाले. मोठ्याने.

आता या यंत्रांचा कासवाला त्रास होतो का, हा प्रश्न मला हॉल्टर लागल्यामुळे जास्तच जवळचा झाला होता. होतो. संशोधकांनी कासवांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजलं: मोठ्या कासवाला पोहताना मागे खेचणारी ओढ पाच टक्क्यांहून कमी वाढते, पण लहान कासवाच्या पाठीवर चुकीचं यंत्र चढवलं तर ती दुपटीवरही जाऊ शकते. आणि शार्क बेच्याच चित्रणात दिसलं की पकडून सोडल्यानंतरचे सुरुवातीचे तास कासव बिथरलेलं असतं. ते वागणं नेहमीचं म्हणून धरलं तर फसगत होते. त्या पहिल्या तासांचा वेगळा हिशेब करावा लागतो. माझ्या पोळ्यांच्या नकाशांचाही केला पाहिजे.

अहवाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर तरुण होते. स्क्रीनवर चोवीस तासांची रेघ, उजवीकडे माझी घडीपत्रिका. दिवसाचं सगळं जुळलं. जिन्याला उंचवटा, वामकुक्षीला उतार. फडफडीचं काही काळजीचं नव्हतं, जास्तीचे काही ठोके, बहुतेकांना असतात म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर केला.

“रात्री तीन चाळीसला हे काय आहे? पासष्टवरून एकदम एकशे बारा. दहाएक मिनिटं. मग हळूहळू खाली. वहीत ‘झोप’ लिहिलंय.”

मी गप्प.

“वाईट स्वप्न वगैरे? घाम? दचकून उठलात?”

रेघेवर तो उंचवटा वेळासच्या टेकाडासारखा दिसत होता. मला वाटलं, लिहून टाकतील आता काहीतरी. पुढच्या तपासण्या सांगतील. तेवढ्यासाठी हजारो रुपये.

“स्टुलावर चढले होते,” मी म्हटलं.

“रात्री पावणेचारला?”

“माळ्यावरचा डबा काढायला. अंधारात. दिवा लावला असता तर हे उठले असते.” मग आता एवढं सांगितलंच आहे तर, म्हणून, “फणसपोळी होती. साखर वाढलीय म्हणून ह्यांनी वर ठेवली होती. उभ्याउभ्याच खाल्ली, खिडकीशी.”

डॉक्टरांनी उंचवट्याकडे बघितलं, मग उताराकडे. “आणि हे सावकाश खाली येतंय ते?”

“चावायला वेळ लागतो तिला.”

त्यांनी काहीतरी टंकलं. हे माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते, जणू पुरावा तिथे आहे.

“म्हणजे डबा सापडला होता तुला,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी भाजी आणायला खाली गेले तेवढ्यात त्यांनी डब्याची जागा बदलली.